चालकाचं रेकॉर्ड आणि टोइंगची गाडी

अमेरिकेत ट्रकवर नोकरी मागायला गेलेल्याला आधी रेकॉर्ड विचारतात. गाडी चालवून दाखव, हे नंतर. हा क्रम फार जुना नाही. 1935 च्या कायद्याने आंतरराज्य मालवाहतूक केंद्राच्या अखत्यारीत आली, पण लायसन्स राज्यांकडेच राहिलं आणि घोळ तिथेच झाला. एका राज्यात दंड साचले की चालक दुसऱ्या राज्याचं लायसन्स काढी. खिशात दोन-तीन लायसन्स, पोलिसापुढे धरायचं ते सगळ्यांत कोरं. 1971 पासून नव्या चालकाचा मागच्या 3 वर्षांचा तपशील राज्याकडून मागवणं कंपन्यांना सक्तीचं झालं खरं, पण कुठल्या राज्याला विचारायचं हे चालकानेच अर्जात लिहायचं!

1986 च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. 1 जुलै 1987 पासून ट्रकचालकाला दुसरं लायसन्स बाळगता येईना. 1 एप्रिल 1992 पासून 26,001 पौंड किंवा त्याहून जड गाडीला व्यावसायिक लायसन्स लागू लागलं. मर्यादेपेक्षा ताशी 15 मैल किंवा जास्त वेग, बेदरकारपणा, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं यांपैकी 3 वर्षांत दोन गुन्हे झाले तर 60 दिवस लायसन्स बंद, तीन झाले तर 120 दिवस. पुढे राज्यांना असे गुन्हे समझोत्याने रेकॉर्डबाहेर ठेवायलाही मनाई झाली.

इथवरचं रेकॉर्ड म्हणजे सिद्ध झालेले गुन्हे. नोकरीच्या दारात आज अडतं ते बहुतेक वेळा ‘अपघात’ या शब्दावर, आणि तो नीट उलगडून पाहायला हवा.

केंद्राच्या नियमात अपघात नोंदवायचा तो तीनपैकी एक गोष्ट झाली तर: कुणी मेलं, कुणाला जखमेसाठी लगेच घटनास्थळावरून उपचाराला न्यावं लागलं, किंवा एखादी गाडी टो करून न्यावी लागेल इतकी मोडली. नुसता टायर फुटला किंवा दिवा फुटला तर तो धरत नाहीत. चूक कुणाची, हा प्रश्न या व्याख्येत कुठेच नाही. ट्रक लाल सिग्नलला उभा आहे, मागून मोटार येऊन आदळते, तिचं रेडिएटर फुटतं, टोइंगची गाडी येते आणि तिला उचलून नेते. ट्रकच्या बंपरला ओरखडा. तरी ट्रकचालकाच्या नावावर अपघात: एक.

2010 पर्यंत हे कंपनीच्या फायलीत आणि सरकारी संगणकात पडून असे. त्या वर्षी भरती करणाऱ्यांसाठी ते खुलं झालं: 5 वर्षांचे अपघात, 3 वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या. चालकाची संमती लागते, पण संमती न देणाऱ्याला नोकरी कोण देणार? वाहतूकदारांनी आणि चालकांनी ओरड केली तेव्हा 2017 मध्ये चाचणीदाखल, 2020 पासून कायम, अशी सोय आली की ठरावीक प्रकारच्या अपघातांत पोलिसांचा अहवाल पाठवून ‘टाळता येण्याजोगा नव्हता’ असा शेरा मिळवावा. शेरा मिळाला तरी नोंद पुसली जात नाही, शेजारी टीप येते. आणि टाळता येण्याजोगा म्हणजे दोषी, असंही नाही. तो कायद्याचा निवाडा नव्हेच. सर्वसाधारण समज आणि सावधगिरी असलेला चालक तिथे वाचला असता का, एवढाच त्याचा अर्थ. भरतीच्या टेबलावर मात्र दोन्ही एकच धरले जातात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथेच होतो.

याला समांतर एक खासगी वाटही आहे. जुन्या मालकांनी चालकाबद्दल दिलेली माहिती विकणारे अहवाल कित्येक वर्षं चालत आले आहेत. ‘ट्रक वाटेत सोडून गेला’ असा एक शेरा पुढची दारं बंद करायला पुरतो, मग तो पगाराच्या भांडणातून लिहिलेला का असेना. 2004 च्या नियमाने जुन्या मालकाला सुरक्षेबाबतच्या चौकशीला 30 दिवसांत उत्तर देणं भाग पाडलं आणि चालकाला त्यातली चुकीची माहिती खोडून काढण्याचा हक्कही दिला. पण खुलासा येईतो जागा दुसऱ्याला गेलेली असते.

शेवटचा शब्द बऱ्याचदा विमा कंपनीचा असतो. चालक कायद्याने पात्र असला तरी विमा कंपनी यादीत घेईना, तर मालकाचा इलाज चालत नाही. 6 जानेवारी 2020 पासून अमली पदार्थ आणि दारूच्या चाचण्यांची वेगळी केंद्रीय नोंद सुरू झाली. 18 नोव्हेंबर 2024 पासून तिथे मनाईचा शिक्का बसला की राज्य व्यावसायिक लायसन्सच काढून घेतं, आणि गोष्ट भरतीच्या टेबलापर्यंत जातच नाही.