स्टब्सची नीलगाय

ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात एका नीलगायीचं चित्र आहे. विदर्भात जिला रोही म्हणतात, तीच ही. चित्रातला नर उभा आहे: खांदा उंच, पाठ मागे उतरत गेलेली, अंगावर निळसर राखाडी झाक, गळ्याशी केसांचा झुबका, खुरांच्या वर पांढरे वेढे. रात्र रात्र जागून रोह्यांपासून तूर राखणाऱ्या शेतकऱ्याला हे चित्र दाखवलं, तर तो क्षणात ओळखेल. ते काढणारा इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स मात्र कधी हिंदुस्थानात आलाच नव्हता. चित्र १७६९ सालचं आहे.

ते कुणाच्या दिवाणखान्यासाठी काढलेलं नव्हतं. लंडनमधले नामवंत शरीरशास्त्रज्ञ आणि राणी शार्लटचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर यांनी ते करवून घेतलं. हिंदुस्थानातून इंग्लंडला आलेल्या नीलगायी त्यांनी जवळून पाहिल्या आणि १७७१ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात त्यांच्यावर निबंध लिहिला. दोन नर झुंजताना आधी पुढचे गुडघे टेकतात आणि तसेच सरपटत एकमेकांवर जातात, हे त्यात नोंदलेलं आहे. आपल्या देखरेखीखाली स्टब्सने केलेलं चित्र ज्याने पाहिलं, त्याला हा प्राणी कुठेही भेटला तरी ओळखता येईल, असंही हंटर लिहितात. कॅमेरा नव्हता, जहाजावरचे प्राणी वाटेतच मरत, कातडी कुजत. अशा काळात चांगलं चित्र हाच नमुना होता.

स्टब्सचा हात इतका खरा कसा झाला, याचं उत्तर लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात सापडतं. स्टब्स १७२४ मध्ये लिव्हरपूलला जन्मला. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा, त्यामुळे मेलेल्या जनावराची किळस त्याला लहानपणापासूनच नसावी. १७५६ च्या सुमारास त्याने हॉर्कस्टोला एक घर घेतलं आणि जवळजवळ दीड वर्ष तिथे घोडे फाडले. सोबत त्याची सहचारिणी मेरी स्पेन्सर होती. घोड्याच्या रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरायची, म्हणजे त्या फुगून स्पष्ट दिसतात. मग लोखंडी आकड्यांनी धड छताला टांगायचं, पाय फळीवर टेकवायचे, जणू घोडा चालतोच आहे. आधी कातडं, मग स्नायूंचा एकेक थर, शेवटी हाडं. दर थराला मोजमाप, रेखाटन, टिपण. एक घोडा तर अकरा आठवडे चालला. त्या घरातला वास कसा असेल, याची कल्पनाच केलेली बरी! घोड्याच्या शरीररचनेवरचं त्याचं पुस्तक १७६६ मध्ये निघालं. त्यातल्या चित्रांचे अठराही छपाईचे ठसे त्याने स्वतःच कोरले.

कातड्याखाली काय आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याची नजर कातड्यावरही वेगळी फिरते. १७६२ मध्ये राणीला एक झेब्रा भेट मिळाला आणि तो बघायला लंडनकरांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी स्टब्सने तो रंगवला, मागे चक्क इंग्लंडची झाडी दाखवून. पण त्या झेब्र्याच्या गळ्याखाली बैलाला असते तशी पोळी आहे आणि पुठ्ठ्यावर बारीक आडव्या पट्ट्यांची जाळी. एवढ्यावरून आज सांगता येतं की तो केप पर्वती झेब्रा होता. ही जात पुढे विसाव्या शतकात शंभराच्याही आत आली. झेब्र्यांच्या जाती वेगळ्या काढायला कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा त्याने हे टिपलं, म्हणून मला हे चित्र त्याच्या प्रसिद्ध घोड्यांहूनही मोठं वाटतं.

हंटर यांनी १७७० मध्ये त्याच्याकडून कॅनडाचा एक तरुण मूस, म्हणजे तिथलं प्रचंड मोठं हरीण, काढून घेतला, त्यामागे तर फार मोठा प्रश्न होता. आयर्लंडच्या दलदलीत प्रचंड शिंगं सापडत; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारा फुटांपर्यंत पसरलेली. हा प्राणी अजून कुठे जिवंत आहे का? तो मूसच असेल का? की एखादी जात पृथ्वीवरून साफ नाहीशी होऊ शकते? देवाने निर्मिलेलं असं पुसलं जाईल, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. तरुण मूसची शिंगं अजून लहान होती, म्हणून स्टब्सने पूर्ण वाढलेल्या मूसची शिंगं त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवलेली रंगवली. तुलना करता यावी, यासाठी. आयर्लंडचा तो प्राणी वेगळा आणि नामशेष झालेला होता, हे पुढे फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी पक्कं केलं.

जिवंत प्राणी समोर नसला की मात्र स्टब्ससुद्धा चुकतो. कॅप्टन कुकच्या सफरीहून निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी ऑस्ट्रेलियातून कांगारूचं कातडं आणलं होतं. त्यावरून आणि प्रवासातल्या रेखाटनांवरून त्याने १७७२ मध्ये कांगारू रंगवला. खडकावर बसून मागे वळून बघणारा तो जीव मऊ, गोंडस आहे, पण थोडा मोठ्या उंदरासारखा दिसतो. रिकाम्या कातड्यात हाडं आणि स्नायू कल्पनेने भरावे लागले, ते दिसतं. तरीही त्यावरून निघालेले ठसे युरोपभर गेले आणि लोकांच्या मनातला कांगारू बराच काळ तोच राहिला.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्याने पुन्हा सुरी हातात घेतली. माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीररचनेची तुलना करायची, असा बेत. १८०६ मध्ये तो गेला तेव्हा काम अपुरंच होतं. अनेक रेखाटनं नजरेआड झाली आणि १९५७ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर शहराच्या सार्वजनिक वाचनालयात सापडली. स्टब्स गेला तेव्हा डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला अजून पन्नासेक वर्षं होती. त्या कागदांत एके ठिकाणी माणसाचा सांगाडा वाघासारखा चार पायांवर वाकलेला आहे, म्हणजे खांद्याशी खांदा आणि गुडघ्याशी गुडघा लावून बघता येतो.