उतावळ्याचं घड्याळ

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलवर लाल आकडे उलटे धावत असतात. पाच उरले की मागून हॉर्न सुरू, दोन उरेपर्यंत पहिली रांग झेब्रा क्रॉसिंग ओलांडून पुढे. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणून आपण मोकळे होतो. अभ्यासकांनीही बरीच वर्षं याकडे निव्वळ संयमाचा प्रश्न म्हणूनच पाहिलं.

अर्थशास्त्रात 1937 साली पॉल सॅम्युएल्सन यांनी सूत्र मांडलं : लाभ जितका लांबणीवर, तितकी त्याची किंमत ठरावीक दराने कमी. हिशेब सुटसुटीत, पण पहाटे पर्वती चढायचं रात्री ठरवून गजर बंद करणारा पुणेकर त्यात बसत नाही. त्याला जागा दिली जॉर्ज एन्स्ली यांनी, 1975 मध्ये. आज हजार की महिन्याने अकराशे? बरेच जण आजचे हजार उचलतात. तेच वर्षाने हजार की तेरा महिन्यांनी अकराशे म्हटलं, की थांबायला तयार. महिना तोच, पण जवळचा महिना जड जातो.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला, लहान मुलांसमोर मार्शमॅलोसारखा खाऊ ठेवण्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो : आत्ता एक, थांबलास तर दोन. त्यावरून पालकांना उपदेश मात्र फार झाले. 2013 च्या एका प्रयोगात मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द मोडला, तेव्हा मुलं सरासरी तीनच मिनिटं थांबली. शब्द पाळला तेव्हा बारा. ज्याच्या पगाराची तारीखच पक्की नाही, त्याला संयम शिकवायला जाऊ नये.

मग 2008 मध्ये मार्क विटमन आणि मार्टिन पॉलस यांनी आणखी एक दुवा जोडला. उतावळ्या माणसाला तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो, म्हणून थांबणं त्याला महाग पडतं. चोवीस तास सिगारेट न मिळालेल्यांना पाऊण मिनिटही बरंच लांबल्यासारखं वाटतं, हे त्याआधी दिसलं होतंच.

व्यसनमुक्तीवाल्यांनी हे प्रयोगशाळेची वाट न बघता ओळखलं होतं. अमेरिकेत 1935 साली सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं सूत्र आहे 'फक्त आजचा दिवस'. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते चालत आलेलं. जन्मभराची शपथ कुणी मागतच नाही. रात्री झोपेपर्यंत प्यायची नाही, एवढंच, उद्याचं उद्या.