घरातलं जुनं जलरंग चित्र फ्रेमला देण्यापूर्वी

आमच्याकडे येणारं बहुतेक काम देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि मानपत्रं यांचं. पण मधूनच कोणीतरी वाड्याच्या माळ्यावरून नाहीतर ट्रंकेच्या तळातून काढलेला पिवळट कागद घेऊन येतं. त्यावर पेन्सिलीने काढलेला गडाचा दरवाजा असतो किंवा जलरंगातला नदीचा घाट. मागणी ठरलेली असते, "जरा पुसून, झकास फ्रेम करून द्या." पुसायला आम्ही तयार का होत नाही, ते या पत्रकात लिहिलं आहे.

ही चित्रं आली कुठून

कॅमेरा सर्रास होण्याआधी पाहिलेली जागा कागदावर हातानेच उतरवावी लागे. कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होणाऱ्या मुलांना इंग्लंडात ॲडिसकोमच्या लष्करी शाळेत (1809 ते 1861) चित्र काढायला शिकवत. किल्ला, नदीचा उतार, घाटवाट कागदावर मांडणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. आपल्याकडचे हातही कमी नव्हते. पुण्याचे गंगाराम तांबट यांनी त्याही आधी, 1790 च्या दशकात, पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी वेरूळची लेणी रेखाटली होती.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली निघालं. कोल्हापूरचे आबालाल रहिमान तिथे शिकले, पुढे शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ रंगवत राहिले. ते 1931 साली गेले. त्यांची चित्रं टाउन हॉल संग्रहालयात आहेत, वेळ काढून बघा. सही नसलेलं तळ्याचं कुठलंही चित्र आलं की "आबालालांचंच असणार" असं ऐकायला मिळतं. असेलही, पण आम्ही फ्रेमवाले. चित्राला नाव लावून देणं आमचं काम नाही आणि तसा दाखला आम्ही देत नाही.

खरं जलरंग की छापील?

भिंग लावून आभाळाचा भाग पाहा. जलरंगात पातळ रंगाचा हात जिथे वाळतो, तिथे कडेला गडद रेघ उरते, कपाखाली राहिलेल्या चहाच्या डागासारखी. कागदाच्या बारीक खळग्यांत रंगाची पूड साचलेली दिसते आणि खालच्या पेन्सिलीच्या रेघा मध्येच डोकावतात. त्याऐवजी रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर ती शिळाछाप (दगडावरून छापलेली) प्रत समजा. पुण्याच्या चित्रशाळेची आणि 1894 साली निघालेल्या रविवर्मा प्रेसची छापील चित्रं घरोघरी होती, त्यामुळे गल्लत होते. म्हणून छापील चित्र टाकाऊ ठरत नाही, त्याची निगा मात्र वेगळी.

साल कसं ओळखायचं

सुटा कागद उजेडासमोर धरला की कधीकधी आतलं पाणचिन्ह (कागद बनतानाच उमटलेली खूण, वॉटरमार्क) दिसतं. जे. व्हॉटमन या इंग्रजी कागदवाल्याचं नाव आणि खाली साल असेल, तर चित्र त्या सालाच्या आधीचं नाही एवढं पक्कं. नंतरचं कितीही असू शकतं, कारण चांगला कागद लोक वर्षानुवर्षं जपून वापरत.

दुसरी खूण चित्रातल्या जागेची. पन्हाळ्याचा चार दरवाजा 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला. तो उभा दिसत असेल, तर चित्र त्याआधीचं आहे किंवा आठवणीतून, दुसऱ्या चित्रावरून काढलेलं आहे. कोल्हापूरच्या देखाव्यात टाउन हॉल असेल तर चित्र 1870 च्या दशकाच्या मागे जात नाही. नवा राजवाडा 1884 साली पुरा झाला आणि रेल्वे आली 1891 मध्ये. चित्राची जागा ठाऊक असेल तर दुकानात येताना जरूर सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांना "हा कुठला घाट?" एवढं विचारून आलात तरी पुष्कळ.

"डाग" म्हणजे नेहमी घाण नव्हे

धोतर, फेटा, नदीवरची चमक यांवर काळपट ठिपके दिसतात ते बहुधा शिशाचा सफेदा (शिशापासून केलेला पांढरा रंग) काळवंडल्याचे. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तसं होतं. ओला बोळा फिरवलात तर काळं जात नाही, शेजारचा रंग मात्र निघून येतो.

आभाळाचंही तसंच. ढगांची करडी छटा करायला नीळ आणि गेरूसारखा तांबडा रंग मिसळत. उजेडाने नीळ उडते, तांबडा मागे राहतो आणि पावसाळी ढग संध्याकाळच्या आभाळासारखे गुलाबी-विटकरी दिसू लागतात. माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेखाली झाकली गेलेली बोटभर पट्टी पाहा, मूळ निळाई तिथे सापडते. उडालेला रंग परत येत नाही. उजेडाने जलरंग कसे उडतात, याची तपासणी करून विलायतेत 1888 सालीच अहवाल निघाला होता, तरी आजही अशी चित्रं नेमकी खिडकीसमोरच्या भिंतीवर लागतात.

आम्ही काय करतो

जुनी फ्रेम उघडताना मागची फळी, चिठ्ठ्या, दुकानाचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेलं नाव यांतलं काही फेकत नाही. सगळं पाकिटात घालून तुम्हाला परत देतो. चित्र पुठ्ठ्यावर चिकटवत नाही. गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या लावून वरच्या कडेने टांगतो, म्हणजे उद्या काढायचं झालं तर थोड्याशा ओलाव्याने सुटतं. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लमुक्त घेतो. काच चित्राला टेकू देत नाही, नाहीतर पावसाळ्यात आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते. यूव्ही काच (उजेडातले अतिनील किरण अडवणारी) महाग पडते. ती रंग उडणं मंदावते, थांबवत नाही, हे सांगूनच विकतो. खर्च साध्या फ्रेमपेक्षा जास्त येतो. आकडा आधी सांगू, मग ठरवा.

लॅमिनेशन करून देणार नाही, कितीही आग्रह केलात तरी. फाटलेलं, पोपडे सुटलेलं किंवा कसरीने खाल्लेलं चित्र कागदाच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्या, असं आम्ही सुचवतो.

पुराचं पाणी लागलं असेल तर

2019 आणि 2021 च्या पुरानंतर बरीच चित्रं काचेला चिकटलेल्या अवस्थेत आली. असं चित्र ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका, इस्त्री तर नकोच. काचेसकट, काच खालच्या बाजूला ठेवून, पंख्याच्या थेट झोतापासून दूर सावलीत आडवं ठेवा आणि तसंच घेऊन या. आणताना गुंडाळी करू नका. दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि सेलोटेप लावायचाच तर तो पुठ्ठ्याला लावा.