सेफ सिटी प्रकल्प

महिलांना शहरात निर्धास्त वावरता यावे यासाठी केंद्र सरकारच्या निर्भया निधीतून देशातील आठ महानगरांत राबवलेली योजना. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि लखनौ ही ती शहरे. गुन्हे रोखण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री शहराने अनुदानातून उभारायची, हे या योजनेचे सूत्र.

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्या, २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला. वर्ष संपले तरी न खर्चलेली रक्कम बुडू नये, अशी त्याची रचना आहे. चांगल्या हेतूने ठेवलेल्या या सवलतीला दुसरी बाजूही होती : घाई कुणालाच नव्हती, आणि पहिली काही वर्षे बराचसा पैसा नुसता पडून राहिला.

आठ शहरांच्या आराखड्यांना २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. एकूण खर्च २,९१९.५५ कोटी रुपये. त्यात बंगळुरूचा वाटा ६६७ कोटी, तर मुंबईचा २५२ कोटी. राज्यांतील शहरांसाठी केंद्राने ६० आणि राज्याने ४० टक्के भार उचलायचा होता. आराखडे पोलीस आणि महापालिका यांनी मिळून केले. छेडछाड, पाठलाग, हल्ले कुठे जास्त होतात त्या जागा आधी नकाशावर टिपायच्या आणि मग तिथे कॅमेरे, गस्तीच्या गाड्या, महिला पोलिसांच्या चौक्या द्यायच्या. रस्त्यावरचे दिवे आणि महिलांसाठी स्वच्छतागृहे यांचाही त्यात समावेश होता. त्यांची बातमी होत नाही; पण स्टॉपवरून घरापर्यंत अंधारातून चालत जाणाऱ्या बाईला आधी दिवाच हवा असतो.

बंगळुरूत ‘सेफ्टी आयलंड’ नावाच्या जागा उभ्या राहिल्या. तिथले बटण दाबले की थेट पोलीस नियंत्रण कक्षाशी बोलता येते. चेन्नईने शहर बसमध्ये कॅमेरे आणि धोक्याची बटणे बसवली. लखनौ पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये याच्या पुढची कल्पना मांडली : महिलेच्या चेहऱ्यावरची भीती कॅमेऱ्याने ओळखायची आणि जवळच्या पोलिसांना सूचना द्यायची. त्यावर कडक टीका झाली, आणि ती योग्यच होती. घरच्यांशी फोनवर भांडणारी, परीक्षेच्या काळजीत असलेली आणि खरोखर संकटात सापडलेली मुलगी यांचे चेहरे यंत्राने वेगळे कसे काढायचे?

मुंबईबाबत एक गल्लत नेहमी होते. शहरभर खांबांवर दिसणारे सुमारे ४,७०० कॅमेरे या निधीतले नव्हेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने शिफारस केली, त्यातून राज्य सरकारने स्वतःच्या खर्चाने ती यंत्रणा उभारली. ती २०१६ मध्ये पूर्ण झाली. निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी गाड्याही घेतल्या. त्यांतल्या काही बोलेरो लोकप्रतिनिधींच्या सुरक्षा ताफ्यात वापरल्या गेल्याच्या बातम्या डिसेंबर २०२२ मध्ये आल्या आणि मोठा वाद झाला. पैसा कोणत्या घटनेतून उभा राहिला हे आठवले, तर तो संताप समजतो.

कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण न्यायालयात टिकणे, हा या योजनेतला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. त्याचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच आला. जालना विधानसभा मतदारसंघातील उमेदवारी अर्ज मुदतीत भरले गेले का, असा तो वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण पुरावा म्हणून पुढे आले होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र, म्हणजे ती प्रत कोणत्या उपकरणातून आणि कशी काढली याचा लेखी दाखला, हवेच. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. शिवाय साठवणुकीची जागा भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. त्यामुळे तक्रार नोंदवतानाच त्या जागेचे, त्या वेळेचे चित्रण राखून ठेवावे अशी लेखी मागणी करणे तक्रारदाराच्या हिताचे असते.