चंद्र चुकला की प्रेम खोटं

समांतर प्रेमकथांच्या सिनेमात योगायोगांना तोटा नसतो. एक जोडी गुहागरची, दुसरी वेंगुर्ल्याची, आणि चौघांची गाठ पडते ती नेमकी रत्नागिरी स्टेशनात! प्रेक्षक हे मुकाट्याने मान्य करतो. पण गुहागरला संध्याकाळी पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर येऊ द्या, कोकणातल्या थिएटरात हशा पिकलाच म्हणून समजा.

पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आपल्या दोन विरुद्ध बाजूंना असतात. सूर्य पश्चिमेला समुद्रात बुडतो, त्याच सुमारास चंद्र पूर्वेला, माडांच्या आणि सड्याच्या मागून उगवतो. पूर्ण चंद्र पाण्यावर हवाच असेल तर नायक-नायिकेला पहाटे उठवायला हवं. त्यात आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा-एकच्या आसपास येते, म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी. समांतर कथेत दिग्दर्शक आणखी अडकतो: एकाच संध्याकाळी गुहागरला भरती आणि वेंगुर्ल्याला ओहोटी कशी दाखवणार? दोन्हीकडच्या वेळांत थोडाफार फरक पडतो, सहा तासांचा नव्हे.

मग अशक्यप्राय भेट चालते आणि चंद्र का खटकतो? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८३ साली मांडलेला लिंडाचा प्रश्न इथे कामी येतो. लिंडा ही काल्पनिक तरुणी, हुशार, अन्यायाची चीड असलेली. ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त, की कॅशियर असून शिवाय स्त्रीवादी चळवळीत असण्याची? सुमारे ८५ टक्के विद्यार्थ्यांनी दुसरा पर्याय निवडला. वास्तविक दोन गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची शक्यता त्यातल्या एकीपेक्षा जास्त असूच शकत नाही. मेंदू शक्यता मोजत बसत नाही. तपशील चित्रात बसतो का, एवढंच बघतो. स्टेशनातली भेट बसते, पश्चिमेला उगवणारा चंद्र बसत नाही.

अर्थात गोष्ट रंगली की हा पहाराही सैल पडतो. मेलानी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एका प्रयोगात वाचकांना कथेतल्या खोट्या वाटणाऱ्या जागांभोवती गोल करायला सांगितलं होतं. कथेत जास्त रंगलेल्यांनी कमी गोल केले.

माझ्यापुरतं सांगायचं तर योगायोगाने घोळ वाढला तर चालतो, सुटला तर नाही. दरड कोसळून कोकण रेल्वे अडली आणि दोन्ही जोड्या एकाच डब्यात रात्रभर अडकल्या, हे पावसाळ्यात कुणीही पचवेल. त्याच दरडीमुळे नको असलेला नवरदेव मांडवात पोचलाच नाही, तर मात्र तिकिटाचे पैसे परत मागावेसे वाटतात.