माणसं जागच्या जागी, राज्य बदललं: बेळगाव सीमाभागातल्या कन्नडसक्तीची पार्श्वभूमी

घरपट्टीची नोटीस आली की आमच्या घरी ती आधी शेजारच्या काकांकडे जायची. काका मूळचे गोकाककडचे, घरात बोलणं कन्नड. चष्मा लावून ते नोटीस वाचायचे आणि मग एकेका ओळीवर बोट ठेवून आजोबांना मराठीत सांगायचे: ही तुमची जागा, ही मागची बाकी, ही यंदाची रक्कम. आजोबा त्याच कागदाखाली पेन्सिलीने मराठीत लिहून घ्यायचे. एका वर्षी काका गावाला गेले होते, मुदतीची ओळ कुणी वाचली नाही आणि दंड बसला. दंड भरायला गेलो तेव्हा खिडकीपलीकडून उत्तर आलं, ‘कर्नाटकात राहता तर कन्नड शिका की.’ आजोबा काही बोलले नाहीत. ज्या घराची ती पट्टी होती, ते त्यांच्या आजोबांनी बांधलेलं.

‘इथे आलात तर इथली भाषा शिका’ हे जगभर परक्या मुलखातून आलेल्यांना सांगितलं जातं. त्यात गैर काही नाही. जर्मनीने 2005 पासून बाहेरून येणाऱ्यांसाठी साधारण 600 तासांच्या जर्मन भाषेच्या वर्गांची सरकारी व्यवस्था केली. ब्रिटनमध्ये नागरिकत्व मागणाऱ्याला इंग्रजीचं ज्ञान दाखवावं लागतं. आपल्याकडे राष्ट्रभाषा नावाची गोष्ट राज्यघटनेतच नाही. कलम 343 हिंदीला संघराज्याच्या कारभाराची भाषा म्हणतं, एवढंच. म्हणून आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यात एक वेगळी अट आहे. परदेशी माणसाला अर्ज करून भारताचं नागरिकत्व घ्यायचं असेल तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, म्हणजे मान्य भाषांच्या यादीतली, कोणतीही एक भाषा त्याला पुरेशी यायला हवी. आज त्या यादीत 22 भाषा आहेत आणि मराठी व कन्नड या दोन्ही पहिल्यापासून आहेत. म्हणजे परदेशातून आलेला माणूस मराठीच्या बळावर भारतीय नागरिक होऊ शकतो. बेळगावात जन्मलेल्या माझ्या आजोबांना मात्र तेवढ्या बळावर घरपट्टीची नोटीस वाचता येत नव्हती.

त्यांना ‘आलेला’ समजलं गेलं, आणि गोंधळाचं मूळ तिथे आहे. सीमाभागातला मराठी माणूस कुठून आला नाही. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री तो मुंबई राज्यात झोपला आणि सकाळी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, उठला.

पण ही कहाणी 1956 पासून सुरू केली तर आपण अर्धीच सांगतो, आणि उरलेली अर्धी मराठी माणसाने ऐकायला हवी. पेशवाईत आणि पटवर्धनांसारख्या संस्थानिकांच्या अमलात या पट्ट्यातलं दप्तर मराठीत चाले. इंग्रजांनी हा मुलूख मुंबई इलाख्याला जोडला, तेव्हा बेळगाव-धारवाडकडच्या सरकारी शाळांतही मराठीचाच वरचष्मा राहिला. कन्नड बोलणाऱ्या पोराला अक्षरओळख मराठीतून व्हायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी खटपट करून कन्नड शाळा उभ्या केल्या. 1881 च्या शिरगणतीत बेळगाव जिल्ह्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास लोक कन्नड बोलणारे होते आणि चौथा हिस्सा मराठी. लोक कन्नड आणि कागद मराठी, असं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं होतं. 1890 साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो याच कोंडीतून. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते डिसेंबर 1924 मध्ये बेळगावलाच भरलं, आणि त्याच वेळी तिथे कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली. न समजणारा कागद हातात धरून उभं राहण्याचं दुःख कन्नड माणसाला आमच्या आधी ठाऊक होतं. म्हणूनच तेच दुःख आमच्या वाट्याला देताना त्याचा हात का थांबला नाही, हा प्रश्न मला आजही छळतो.

बेळगाव शहर आणि त्याच्या पश्चिमेची, दक्षिणेची गावं मात्र बहुतांश मराठी होती. मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. पुढे राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 च्या अहवालात जिल्ह्याचा चंदगड तालुका मराठी म्हणून मुंबई राज्यात ठेवला. बेळगाव शहरात मराठी जास्त आहेत हे आयोगाच्या नजरेआड नव्हतं, पण जिल्ह्याचे बहुतेक तालुके कर्नाटकात जाणार म्हणून जिल्ह्याचं ठिकाणही तिकडेच, असा निवाडा झाला. जानेवारी 1956 मध्ये केंद्राने निर्णय जाहीर करताच सीमाभाग पेटला, गोळीबार झाला, माणसं गेली. 17 जानेवारी हा तेव्हापासून इथला हुतात्मा दिन आणि 1 नोव्हेंबर हा काळा दिवस. त्याच 1 नोव्हेंबरला शहराच्या दुसऱ्या अंगाला राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, मिरवणूक निघते. पुढे या सीमावादासाठी 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने वर्षभरात अहवाल दिला. निपाणी-खानापूरसह अडीचशेहून जास्त गावं महाराष्ट्राला, जवळपास तेवढीच कर्नाटकाला आणि बेळगाव जिथे आहे तिथेच, अशी ती वाटणी होती. महाराष्ट्राने ती नाकारली. गाव हा घटक, लोकांची भाषा आणि सलगता हे निकष महाराष्ट्र मागत होता, अजूनही मागतो.

सीमाप्रश्नावर बोलताना सगळा जोर या वाटणीवर पडतो आणि 1956 चीच एक दुसरी गोष्ट झाकली जाते. राज्यं भाषेवर वाटताना प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक मागे राहणार, हे वाटणी करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमं घातली. 350-अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. 350-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला. सप्टेंबर 1956 मध्ये केंद्राने राज्यांना एक निवेदनही धाडलं. जिथे एखाद्या भाषेचे लोक 15 ते 20 टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही छापावेत, असं त्यात म्हटलं आहे. शाळेचा हिशेब तर त्याही आधीचा, 1949 मधला: शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं त्या भाषेची असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यायचा.

2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड भाषक सुमारे 68 टक्के आणि मराठी 19 टक्क्यांच्या आसपास निघाले. हा अख्ख्या जिल्ह्याचा आकडा आहे. खानापूर तालुका किंवा शहराच्या कडेची येळ्ळूर, हिंडलगा, उचगाव ही गावं घेतली तर प्रमाण कितीतरी वर जातं. मराठीतून नोटीस मागणं म्हणजे राज्य तोडणं नाही, केंद्राने राज्यांना लिहून दिलेलं मागणं आहे. ते निवेदन कायदा नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. कर्नाटकाने 1963 मध्ये राजभाषा कायदा करून कारभार कन्नडमध्ये नेला. पुढे 2000 च्या सुमाराला ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आले तेही कन्नडमध्ये. तलाठ्याच्या हाताने लिहिलेला जुना मराठी उतारा ट्रंकेत आणि हातात कन्नड ‘पहाणी’, अशी खानापूरकडच्या शेतकऱ्याची गत झाली. नावातल्या एखाद्या अक्षराची चूक त्याच्या लक्षात यायची ती थेट वाटणीच्या वेळी.

‘सक्ती’ हा शब्द इथल्या घराघरात रुजला तो 1980 नंतर, आणि त्याचा उगम बेळगावात नव्हता. दक्षिण कर्नाटकात, विशेषतः बेंगळुरूत, मुलं शाळेत पहिली भाषा म्हणून संस्कृत घेत होती आणि कन्नड न शिकता दहावी होत होती. त्यावर उपाय सुचवायला वि. कृ. गोकाक यांची समिती नेमली गेली. कन्नड हीच माध्यमिक शाळेत एकमेव पहिली भाषा असावी, असं तिने 1981 मध्ये सांगितलं. 1982 मध्ये कन्नड अभिनेते राजकुमार रस्त्यावर उतरले, लाखो लोक मागे आले आणि सरकारला हुकूम काढावा लागला. कन्नड माणसाचा तो राग मला समजतो. राजधानीतच आपली भाषा दुय्यम होताना पाहणं कुणालाही सोसणार नाही. पण त्या रागाचा रोख होता संस्कृत-इंग्रजीकडे वळलेल्या बेंगळुरूवर, आणि ओझं येऊन पडलं खानापूरच्या मराठी शाळेतल्या पोराच्या दप्तरात.

जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलं. महाराष्ट्रातून नेते आले, बंदी असल्यामुळे छगन भुजबळ वेषांतर करून शहरात शिरले आणि पकडले गेले. हे वेषांतर सगळ्यांच्या लक्षात आहे. गोळीबारात नऊ माणसं गेली हे बेळगावाबाहेर फार कुणाला आठवत नाही. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी 1 जूनला तिथे लोक जमतात. तीन वर्षांनी, 1989 मध्ये, भाषिक अल्पसंख्याकांच्याच याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने एकमेव पहिल्या भाषेची ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. सरकारने हुकूम बदलला, आणि बदललेलं धोरण सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये मान्य केलं. 2015 च्या कायद्याने कन्नड ही शाळेत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली. 2024 पासून दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं.

आपल्याकडेही 2020 मध्ये कायदा झाला आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथे कन्नड बोलणारी गावंच्या गावं आहेत. तीही कुठून आलेली नाहीत, 1956 ची रेघ त्यांच्याही अंगणातून गेली. जतच्या पोराला मराठी शिकावीच लागेल असं म्हणणारा माणूस बेळगावात येऊन सक्तीविरुद्ध घोषणा देऊ लागला, तर मला त्याच्या शेजारी उभं राहायला जड जातं. त्या पोरालाही कन्नड शाळा आणि कन्नड नोटीस मिळाली पाहिजे.

आता शिकण्याबद्दल. बेळगावात भाषा शिकायला कुणी कुणाला सांगावं लागत नाही. रविवार पेठेत काकती-हुदलीकडून भाजी घेऊन आलेली बाई एका गिऱ्हाइकाला ‘बर्री अक्का, हत्तु रुपाय’ म्हणते आणि त्याच दमात दुसऱ्याला ‘या वैनी, दहाला घ्या’. आमच्या मराठीत ‘पण’च्या जागी ‘खरं’ येतं: ‘येतो म्हणाला खरं आला नाही.’ अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप हे शब्द कन्नडकडून आले असं आम्हाला शाळेत सांगावं लागलं, एरवी ते आमचेच वाटत होते. खडेबाजारातले मारवाडी दुकानदार आणि उद्यमबागेच्या फाउंड्रीत उत्तरेकडून आलेली पोरं, हे खऱ्या अर्थाने ‘आलेले’ लोक. त्यांना कन्नडही येतं, मराठीही, निदान कामापुरतं. कुणी परीक्षा घेतली नाही, गरजेने शिकवलं. सक्ती आली की मात्र भाषेची ओळख होण्याऐवजी निष्ठेची तपासणी होते. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या बस काही दिवस बंद पडल्या. तिकीट फाडून पोट भरणाऱ्या माणसावर हात उगारणाऱ्याने मराठीचं काहीही भलं केलं नाही.

असंच एक ठिकाण युरोपात आहे. दक्षिण तिरोल हा जर्मन बोलणारा डोंगराळ मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राज्यात तिथल्या जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा लोकांनी चोरून वर्ग चालवले. 1972 च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर गाडी दुसऱ्या रुळावर आली. आता तिथे सरकारी नोकरी हवी असेल तर दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते आणि नागरिकाला त्याच्या भाषेत उत्तर मिळतं. मुलं दुसरी भाषाही शिकतात. सक्ती तिथेही आहे, पण ती खिडकीच्या आतल्या बाजूला आहे.

महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा आहे. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, महाराष्ट्राने 865 गावं मागितली, कर्नाटकाने एक इंचही देणार नाही म्हटलं. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर घरपट्टी दरवर्षी येते.

मी कन्नड शिकलो. पहिली अक्षरं शेजारच्या काकांनी शिकवली, त्याच नोटिसांवर बोट ठेवून. माझी मुलगी माझ्यापेक्षा चांगलं बोलते. गेल्या वर्षी नोटीस मराठीतूनही मिळावी म्हणून मी अर्ज दिला. घटनेचं कलम 350 राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं, म्हणून तो मराठीत लिहिला. खिडकीवरच्या तरुण कारकुनाने तो उलटसुलट पाहिला, ‘कन्नड बरतैतेनरी?’ म्हणजे कन्नड येतं का, असं विचारलं. ‘बरतैतरी,’ मी म्हणालो आणि अर्जात काय आहे ते त्याला कन्नडमध्ये समजावलं. त्याने शिक्का मारला. पोच कन्नडमध्ये मिळाली, उत्तर अजून यायचं आहे.