साथीच्या काळात अमेरिकी खासदारांचे प्रॉक्सी मतदान: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १५ मे २०२० रोजी २१७ विरुद्ध १८९ मतांनी ठराव क्रमांक ९६५ संमत केला आणि कोरोनाच्या काळात सभागृहात न येता मत देण्याची मुभा सदस्यांना मिळाली. घरी बसून बटण दाबण्याची सोय मात्र त्यात नव्हती. गैरहजर सदस्याचे मत सभागृहात हजर असलेला दुसरा सदस्य, म्हणजे त्याचा प्रॉक्सी, नोंदवत असे. सिनेटने अशी मुभा दिलीच नाही.

ही सोय कायमची नव्हती. आरोग्य आणीबाणी असल्याचे सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स, म्हणजे सभागृहाचे सुरक्षा अधिकारी, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने सभापतींना कळवत. मग सभापती नॅन्सी पेलोसी ४५ दिवसांचा कालावधी जाहीर करत आणि गरजेप्रमाणे तो वाढवत.

पात्रता: आणीबाणीमुळे प्रत्यक्ष हजर राहता येत नाही असे कळवणारा सदस्य. प्रॉक्सीही सभागृहाचाच सदस्य हवा. स्वीय सहायक किंवा नातेवाईक चालत नसे. एका सदस्याला जास्तीत जास्त १० जणांचा प्रॉक्सी होता येई.

कागदपत्र एकच: क्लार्कच्या (सभागृहाच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याच्या) नावे सहीचे पत्र, त्यात प्रॉक्सीचे नाव. ते ऑनलाइन पाठवले तरी चाले. क्लार्क त्याची माहिती सभापतींना आणि दोन्ही बाजूंच्या नेत्यांना देत. कोणाचा प्रॉक्सी कोण, ही यादी जनतेलाही पाहता येत असे. पत्र बदलायचे किंवा मागे घ्यायचे असेल तर पुन्हा सहीचे पत्र. सदस्याने स्वतः येऊन मत दिले की जुने पत्र आपोआप रद्द.

खरे महत्त्व पुढच्या टप्प्याला आहे. प्रत्येक मतदानाआधी प्रॉक्सीने गैरहजर सदस्याकडून नेमकी लेखी सूचना घ्यायची, कोणाच्या वतीने कोणते मत देणार हे सभागृहात जाहीर करायचे आणि तसेच मत द्यायचे. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ अशी मोघम परवानगी चालत नसे. त्यामुळे निर्णय मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाचाच राहिला. प्रॉक्सीने दिलेली मते गणपूर्तीसाठीही धरली जात.

कच्चा दुवा होता तो कारणाचा. पत्रातले कारण खरे की खोटे, हे कोणी तपासत नसे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या राजकीय मेळाव्याला गेलेल्या काही सदस्यांनीही साथीचेच कारण लिहिले होते. हे मतदारांशी अप्रामाणिकपणाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुन्हा अशी व्यवस्था करायची असेल तर कारणाच्या पडताळणीची तरतूद आधी हवी.

विरोधी रिपब्लिकन नेते केविन मॅकार्थी कोर्टात गेले, पण सभागृहाच्या अंतर्गत कामकाजात न्यायालयांनी हात घातला नाही. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकण्यास नकार दिला. शेवटी ३ जानेवारी २०२३ रोजी, सभागृहातले बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे गेल्यावर, मुभा संपली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून त्याच महिन्यात सभागृहात आले, तेव्हा मत द्यायला प्रत्यक्ष हजर राहणे पुन्हा सक्तीचे झाले होते.

आपल्याकडे घटनेचे अनुच्छेद १०० आणि १८९ ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्या’ सदस्यांच्या बहुमताची भाषा करतात. त्यामुळे संसदेत किंवा महाराष्ट्र विधानसभेत अशी सोय आणायची तर नुसता नियम बदलून भागेल का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.